साडेचारची गाडी अन् आमचं कॉलेज

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या महिन्यात आमच्या बीएस्सीच्या बॅचचं गेट-टुगेदर झालं. 2012 ला पास झालेलो आम्ही, आता कुणी लातूरला कुणी पुण्याला, दहा-बारा वर्षांनी भेटलो म्हणल्यावर जो तो कॉलेजच्या आठवणी सांगायला लागला. गॅदरिंगचं नाटक, एनएसएसचा कॅम्प, लायब्ररीत सरांनी पकडलं ते, होस्टेलवर रात्री दोनला केलेली मॅगी. मी अन् आमच्या गावाकडच्या दोघी तिघी नुसत्या ऐकत बसलो कारण आमच्याकडं यातलं काहीच नव्हतं. आम्ही तीन वर्षं अपडाऊन केलं. आम्हाला कॉलेज म्हणलं की बसस्टँड आठवतं.

आमचं गाव तालुक्यापासून 26 किलोमीटर. रात्री मुक्कामी गाडी यायची, ड्रायव्हर-कंडक्टर मारुतीच्या देवळात झोपायचे आणि सकाळी सहाला तीच गाडी परत निघायची. त्याच्यानंतरची गाडी एकदम बाराला, म्हणून सहाचीच धरावी लागायची. सव्वासातला स्टँडवर उतरायचं आणि कॉलेज साडेदहाला. मधले तीन तास स्टँडवरच्या सिमेंटच्या बाकड्यावर, कारण कॉलेजचं गेट उघडं असलं तरी वाचनकक्षाला कुलूप असायचं. पावसाळ्यात डबा मांडीवर, वह्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि येणारा जाणारा बघतोय म्हणून मान खाली घालून आम्ही पोरी चिकटून बसायचो. मी फिजिकल केमिस्ट्रीचं अर्धं पुस्तक त्या बाकड्यावर वाचलंय.

संध्याकाळचा घोळ याच्याहून मोठा होता. प्रॅक्टिकल अडीच ते पाच आणि आमची गाडी साडेचारला. त्यानंतर एकच गाडी, ती मुक्कामी, साडेसातला सुटायची, अंधारात यायचं तर घरचे म्हणायचे उद्यापासून जाऊच नको. मग काय, टायट्रेशन चालू असायचं, ब्युरेटमधून थेंब थेंब सोडायचा आणि फ्लास्क हलवत रंग फिकट गुलाबी होईपर्यंत वाट बघायची, त्यात खरं तर घाई चालतच नाही, पण माझा एक डोळा घड्याळावर. दोन थेंब जास्त पडले की सगळं गडद गुलाबी होऊन जायचं, रीडिंग वाया. परत करायला वेळ नाही. बॅग उचलायची अन् स्टँडकडं पळत सुटायचं. रीडिंग मैत्रिणीच्या जर्नलातनं उतरवायची. माझ्या जर्नलवर सही आहे, सर्टिफाईड आहे, पण त्यातले निम्मे प्रयोग मी शेवटपर्यंत केलेलेच नाहीत. पुढं एमएस्सीच्या एंट्रन्सला ते नडलं आणि मी तो नाद सोडला. याचं वाईट आजही वाटतं.

सर लोक वाईट नव्हते हो. एका सरांना मी सांगितलंही होतं, ते म्हणले बेटा टाईमटेबल माझ्या हातात नाही. डेपोत गेलो तर साहेब म्हणले वरून शेड्यूल येतं. आता मला सांगा, विद्यार्थ्यांचा पास काढायला कॉलेजचं बोनाफाईड लागतं. म्हणजे कोणतं लेकरू कोणत्या गावाहून येतं हे कॉलेजलाही माहीत आहे आणि डेपोलाही माहीत आहे. कागद दोघांकडं आहेत. ते घेऊन प्राचार्य आणि डेपो मॅनेजर वर्षातून एकदा जूनमध्ये तासभर सोबत बसले असते तर आमची तीन वर्षं वेगळी गेली असती.

आधी मराठवाड्यातल्या कॉलेजांचा कारभार पार हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेला होता. 23 ऑगस्ट 1958 ला औरंगाबादला आपलं विद्यापीठ झालं, मग 1994 ला नांदेडचं झालं, तालुक्या तालुक्याला कॉलेजं निघाली. हे सगळं कशासाठी, तर खेड्यातल्या लेकराला जवळ शिकता यावं म्हणून. हैदराबादहून तालुक्यापर्यंत शिक्षण आलं आणि शेवटच्या पंचवीस तीस किलोमीटरला अडकून बसलं असं मला वाटतं.

हे जुनं रडगाणं म्हणून लिहीत नाहीये. माझी पुतणी यंदा त्याच रस्त्यानं एफवायला जायलीय. बारावीपर्यंत तिला मोफत पास होता, शाळेच्या पोरींसाठीची मानव विकास योजनेची निळी गाडी होती. बारावी झाली की दोन्ही बंद, आता सवलतीचा पास पैसे भरून काढायचा. ते भरायला आम्ही तयार आहोत पण 2021-22 च्या एसटीच्या संपात बंद पडलेली आमची मुक्कामी गाडी परत सुरूच झाली नाही (कर्मचाऱ्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही, त्यांचे पगार काय होते ते आम्ही बघितलंय). मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, फार चांगलं झालं, माझी आई दवाखान्याला त्याच्यावरच जाती, पण सकाळची गाडीच नाही तर पोरीला त्याचा उपयोग नाही. ती काळी-पिवळीत बारा माणसांत दाबून जाती, तिथं ना पास चालतो ना अर्धं तिकीट. आणि नव्या शैक्षणिक धोरणात प्रॅक्टिकल, प्रोजेक्ट, ट्रेनिंग सगळं वाढलंय, हजेरी 75 टक्के पाहिजे. हजेरी कमी पडली की नोटीस बोर्डावर नाव लागतं. तिचं लागलंय. घरात आता कुजबुज चालू झालीय की कशाला एवढा त्रास, एक चांगलं स्थळ आलंय.

माझं म्हणणं एवढंच आहे की अपडाऊनवाल्या पोरापोरींची प्रॅक्टिकलची बॅच सकाळची करा, लेक्चरच्या आधी. वाचनकक्ष सातला उघडा, शिपाई नसंल तर पोरं आळीपाळीनं किल्ली सांभाळतील, कमवा आणि शिकामध्ये ते काम देता येतं. आणि पासची यादी घेऊन डेपोत जा. एखाद्या कॉलेजनं, एखाद्या डेपोनं दिवाळीच्या सुट्टीनंतर निदान सुरू तरी करावं. पुतणीचं प्रॅक्टिकल मंगळवार आणि गुरुवारी असतं, अडीच ते पाच.

आपली,
एक वाचक, जि. बीड