जोडलेल्या छायाचित्रावरून फ्लेमिंगो मोजू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या नवी मुंबईच्या पानावर नेरूळच्या पाणथळीचे आठ कॉलमी छायाचित्र आले होते. चित्र देखणे, छपाईही झकास. पण दुसऱ्या दिवशी पाम बीच रोडला फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींत त्यावरून जुंपली. ‘पाणथळ संपली म्हणून ओरडता, हे बघा किती पक्षी आहेत!’ असे म्हणत एक गृहस्थ भिंग घेऊन मोजायलाच बसले. मी ठाण्यात स्टेशनजवळच्या फोटो स्टुडिओत केस पांढरे केले, म्हणून हे पत्र.

ते छायाचित्र एका क्लिकचे नाही. थव्यात एक करडे पिल्लू आहे. बोटभर अंतरावर तेच पिल्लू, तेच शेजारी घेऊन, पुन्हा उभे आहे. डाव्या कडेच्या एका पक्ष्याला पाय आहेत, मान नाही. मागचा बांध कमानीसारखा वाकलाय. मी रोज त्या बांधावरून चालतो, तो सरळ आहे.

यात कोणाची लबाडी नाही, तंत्रच तसे आहे. कॅमेरा थोडा थोडा फिरवत, आधीच्या फोटोचा साधारण तिसरा हिस्सा पुढच्यात येईल असे फोटो घ्यायचे. मग सॉफ्टवेअर दोन्हींतल्या सारख्या खुणा शोधून ते एकमेकांवर बसवते. मॅथ्यू ब्राउन आणि डेव्हिड लोव या संगणकशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये हे काम आपोआप होईल अशी पद्धत मांडली. आता मोबाइलसुद्धा सांधा कळू न देता जोडतो. इमारती आणि खारफुटी जागच्या जागी असतात, त्या बरोबर जुळतात. पक्षी चालत असतात. कॅमेरा ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने थवा सरकला, तर सांध्यापाशी तोच पक्षी दोनदा येतो. उलट दिशेने सरकला तर जोडलेल्या चित्रातून पक्षी निसटू शकतो. म्हणजे आकडा वाढतो किंवा घटतो, आणि किती ते जोडलेल्या चित्रावरून कोणालाच सांगता येणार नाही. बांध वाकतो तो रुंद दृश्य सपाट कागदावर पसरताना.

आमच्या वेळी बिल्डर लोकांना साइटचे लांब फोटो लागत. आम्ही प्रिंट ब्लेडने कापून पुठ्ठ्यावर चिकटवायचो. सांधा दिसायचा, आणि गिऱ्हाईक त्यावर घासाघीसही करायचे! फेलिचे बिआतो या जुन्या काळच्या छायाचित्रकाराने 1858 मध्ये लखनौचे लांब चित्र केले, तेही प्रिंट शेजारी शेजारी जोडून. सांधा दिसतो तिथे बघणाऱ्याला आपसूक कळते की हे जोडकाम आहे. आता तो दिसत नाही, म्हणून ते शब्दांत सांगायला हवे.

ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ अशी मान्यता, मिळाला. भरतीला खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की थवे या पाणथळींवर येऊन टेकतात. पाणथळ राखायची की नाही यावर इथे भांडणे चालू असताना असे चित्र दोन्ही बाजूंना पुरावा म्हणून हाती लागते. भिंगवाले गृहस्थ एकटे नाहीत.

आपल्याला विनंती एवढीच की अशा चित्राखाली ‘अनेक छायाचित्रे जोडून’ असे छापावे, आणि तारखेबरोबर वेळही द्यावी. भरती होती की ओहोटी, ते त्यावरून समजते. छायाचित्रकारांनी सुटे फोटो पुसू नयेत. मोजणी करायचीच तर त्या सुट्या फोटोंवरून, एकात मोजलेला पक्षी पुढच्यात पुन्हा धरला जाणार नाही असे बघत करावी. आणि स्टँड वापरावा. हातात मोबाइल धरून स्वतःभोवती गिरकी घेतली की लेन्सची जागाच सरकते, आणि जवळचे रेलिंग हमखास तुटते (आमच्या बाजूच्या हौशी मंडळींच्या फोटोंत एकही रेलिंग धड नाही). एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, सगळ्या फोटोंना सारखा राहील असा लॉक केला नाही तर आकाशात पट्टे पडतात ते वेगळेच.

शक्य असेल तर त्या चित्राचे सुटे फोटो आपल्या संकेतस्थळावर टाकावेत. मोजायला आमचे भिंगवाले तयार आहेत.

– एक निवृत्त छायाचित्रकार, नेरूळ