खिळा आणि किल्ली

अठरा वर्षं पूर्ण झाली की मुलांना बालगृह सोडावं लागतं. आमच्या वरच्या खोलीत भाड्याने आलेला मुलगा त्यातलाच. आईवडिलांच्या भांडणात तीन गावं, चार शाळा, मग बालगृह. पहिला महिनाभर त्याने पिशवीतले कपडे बाहेर काढलेच नाहीत. न जाणो, उद्या निघावं लागलं तर! आयटीआय करून आता गॅरेजात लागलाय. परवा हातोडी मागायला आला, खोलीची किल्ली टांगायला खिळा ठोकायचा होता. काय खुलला होता चेहरा!

२०१५च्या बाल न्याय कायद्यात एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बालगृह सोडल्यावरही आधार मिळण्याची, सोय आहे. पण हे या पोरांना सांगणार कोण? आणि खोली देताना आपण आधी 'घरी कोण कोण असतं?' हेच विचारतो. मीही विचारलं होतं.

– एक वाचक, नाशिक