तीन रात्रींचा निवारा आणि महिनाभराचा मुक्काम

मा. संपादक,

स. न. वि. वि.

कालच्या अंकातल्या लेखात कोरियातल्या जिमजिलबांगना, म्हणजे रात्री झोपायची सोय असलेल्या सार्वजनिक गरम स्नानगृहांना, संकटात घर सोडावं लागलेल्यांसाठी ‘तयार निवारा’ म्हटलं आहे. पहिल्या दोन-तीन रात्रींपुरतं ते खरं आहे. गरम फरशी, गरम पाणी, संडास, खाण्याची सोय, आणि खाटांची गरज नाही. पण लेखात ज्या योनप्योंग बेटाचा दाखला दिला, तिथले लोक इन्चॉन शहरातल्या जिमजिलबांगमध्ये जवळपास महिनाभर होते. 23 नोव्हेंबर 2010 ला बेटावर उत्तर कोरियाचे तोफगोळे पडले. गिम्पो शहरातल्या सदनिकांत जायला डिसेंबरचा उत्तरार्ध उजाडला. लेखात याची एक ओळही नाही!

महिनाभर तिथे काढायचा म्हणजे काय, ते ऐका. झोपायला सगळ्यांना मिळून एकच हॉल. फरशीखालच्या नळ्यांतून गरम पाणी खेळतं, त्यामुळे एखाद्या आजीला उकडलं तरी तिच्या जागेपुरती ऊब कमी करता येत नाही. हवा कोरडी, घसा धरतो, एकाचा खोकला सगळ्यांना. कपड्यांची अरुंद कपाटं पुरुषांच्या आणि बायकांच्या स्नानगृहांत वेगवेगळी. कुटुंबाचं सामान दोन ठिकाणी विभागतं आणि कपाटात न मावलेल्या पिशव्या वाटेत, जिन्यात येतात.

भीती या पिशव्यांचीच आहे. 21 डिसेंबर 2017 ला जेचॉन शहरात स्नानगृह असलेल्या इमारतीला आग लागली. 29 माणसं गेली, त्यातल्या 20 बायकांच्या स्नानगृहात. तिथली आपत्कालीन वाट सामानाच्या रॅकनी अडली होती. तिथे कोणी मुक्कामाला नव्हतं, तरी ही गत.

म्हणून लोकांना आत घेतानाच बाहेर हलवण्याची तारीख ठरवा. आपत्कालीन दारं रोज संध्याकाळी उघडून बघा. भट्टीच्या, म्हणजे घाम काढायच्या तापत्या, खोल्या पहिल्याच दिवशी विझवून कुलूपबंद करा. थंड झाल्यावरही तिथे कोणाला झोपवू नका, हवा खेळत नाही. इन्शुलिनसाठी वेगळा फ्रीज ठेवा. बाहेर जायचे गरम कपडे द्या, कारण अंगावरच्या कपड्यांनिशी निघालेल्यांना तिथे मिळतो फक्त सुती टी-शर्ट आणि अर्धी चड्डी. आणि रात्री दहाला हॉलमधले दिवे, टीव्ही बंद करा. माणसं झोपली पाहिजेत हो.

आणखी एक. लेखासोबतचा फोटो मसाज पार्लरचा आहे. जिमजिलबांगमध्ये पुरुषांच्या आणि बायकांच्या आंघोळीच्या जागा वेगळ्या असतात. एकत्र असतो तो हॉल, आणि तिथे नातवंडांना घेऊन आजी-आजोबा येतात. कृपया योग्य फोटो छापावा.

— एक वाचक, सोल (दक्षिण कोरिया)