गाडीच्या मागून येणारा आवाज: पार्ट बदलण्याआधी कान द्या

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सरून कापसाची वेचणी लागली की आमच्या भागातल्या गॅरेजांसमोर एकाच तक्रारीच्या गाड्या उभ्या राहतात: मागून आवाज येतो. चार महिने पांदण रस्त्यांचा चिखल तुडवलेली बोलेरो, पिकअप, इको, एखादी अल्टो. बहुतेक ठिकाणी दोन मिनिटांत 'बेअरिंग गेलं' किंवा 'डिफरन्शियल गेलं' (मागच्या ॲक्सलमधला, दोन्ही चाकांना ओढ वाटून देणारा गिअरचा डबा) असा निकाल लागतो. नागपूर-अमरावतीहून पार्ट येतो, बसतो, आणि आवाज जिथल्या तिथं. यात मिस्त्रीची चूक आहेच, पण गिऱ्हाइकाचीही आहे. आवाज शोधायला लागलेल्या तासाची मजुरी द्यायला कोणी राजी नसतो. नवा पार्ट डोळ्यांनी दिसला की मात्र खिशात हात जातो. मग मिस्त्री पार्टच बदलतो.

आधी गाडी कोणती ते बघा. अल्टो, वॅगनआर, स्विफ्ट या गाड्यांची पुढची चाकं ओढतात. त्यांच्या मागच्या ॲक्सलमध्ये एकही गिअर नसतो, तेव्हा मागून येणारा घोंघावता आवाज टायरचा किंवा चाकाच्या बेअरिंगचा. बोलेरो, सुमो, इको, जुनी ओम्नी यांना मागून ओढ असते. तिथं प्रोपेलर शाफ्ट (इंजिनाची ओढ मागच्या ॲक्सलला नेणारा दांडा), क्रॉस (त्या दांड्याचा वळता सांधा) आणि डिफरन्शियल हे तिन्ही संशयित वाढतात.

मग डिक्की पूर्ण रिकामी करा. जॅक, पाना, स्टेपनी, फवारणीचा पंप, सगळं. निम्मे 'खडखड' इथंच संपतात. चाकाच्या रिममध्ये आतल्या बाजूनं हात घाला. आपली काळी माती तिथं ओली असताना चिकटते आणि वाळून विटेसारखी होते. एका बाजूला पाव-अर्धा किलो ढेकूळ बसलं की ताशी ६० च्या पुढं गाडी अशी थरथरते की कोणीही बेअरिंगला दोष देईल. खरवडून काढा, पाण्यानं धुवा, मग पुन्हा चालवून पाहा. सायलेन्सर आणि चेसीच्या मधे पऱ्हाटीची किंवा तुराटीची काडी अडकते, तीही काढा. वाळलेली काडी गरम सायलेन्सरवर राहिली तर आगीचीही भीती. सायलेन्सर हातानं हलवून पाहा (गाडी थंड असताना). लटकवायचं रबर तुटलं असेल तर 'ठक-ठक' त्याचीच, आणि ते चहा-नाश्त्याच्या पैशांत बदलतं.

आता चालवून ऐकायचं. मोकळा, सरळ रस्ता निवडा. ज्या वेगाला आवाज येतो त्या वेगात गाडी न्यूट्रल करा, पण इंजिन बंद करू नका. बंद केलं तर ब्रेक जड होतो आणि चावी फिरली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. न्यूट्रलमध्येही आवाज तसाच राहिला आणि फक्त वेगाबरोबर कमी-जास्त झाला, तर टायर किंवा बेअरिंग. डांबरी रस्त्यावरून गुळगुळीत सिमेंट रस्त्यावर गेल्यावर आवाजाचा सूर बदलला तर टायर. नाही बदलला तर बेअरिंग. टायरच्या गुट्ट्यांवरून तळहात फिरवला की चढ-उतार हाताला लागतात. तरी शंका असेल तर मागचे टायर पुढं लावा. आवाज पुढं सरकला तर बेअरिंगला हात लावायचं कारण नाही.

बेअरिंगचा आवाज वळणावर फुटतो. डावीकडं वळताना भार उजव्या चाकावर येतो, तेव्हा आवाज वाढला तर साधारणपणे उजवं बेअरिंग. खात्रीसाठी चाक उचला. इथं एक गोष्ट जीवाची आहे: बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो, म्हणून मागची बाजू उचलली की त्याचा भरवसा नाही. मागून ओढणाऱ्या गाडीचं एक चाक हवेत असेल तर गिअरमध्ये टाकूनही ती अडत नाही, डिफरन्शियल तेवढी मोकळीक देतं. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड नाही, लाकडी ठोकळे लावा. मातीत जॅक रुततो, खाली जाड फळी घ्या, आणि घोडी (लोखंडी स्टँड) लावल्याशिवाय खाली शिरू नका. मग चाक वर-खाली धरून हलवा. ढिलाई जाणवली आणि दुसऱ्यानं ब्रेक दाबताच ती गेली, तर बेअरिंग. शेवटी एक हात स्प्रिंगवर किंवा ॲक्सलवर ठेवून दुसऱ्या हातानं चाक फिरवा. खराब बेअरिंगची खरखर बोटांना कळते, कानाला कळण्याच्या आधी. नवं बेअरिंग शाफ्टवर चढवताना प्रेसवर आतल्या रिंगला दाब द्यावा. बाहेरच्या रिंगवर हातोडा मारला की गोळ्यांचे ठसे आत उमटतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून ओरडतं.

डिफरन्शियलचा आवाज ॲक्सिलरेटरशी बांधलेला असतो. दाबल्यावर येतो नि सोडल्यावर जातो, किंवा उलट. ऑइल सोडायचा खालचा बोल्ट उघडण्याआधी भरायचा बोल्ट उघडतो का ते बघा. तो गंजून अडकलेला असेल आणि खालचा उघडून बसलात तर गाडी तिथंच राहील. ऑइल पांढऱ्या कापडावर घ्या. बोल्टच्या चुंबकावर करडी, लोण्यासारखी मळी असणं नेहमीचं. चमकणारे पापुद्रे किंवा दाताचा तुकडा दिसला तर गाडी पुढं चालवू नका. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलं आहे, आणि हे आपल्याकडं फार होतं. तापलेलं हौसिंग (डिफरन्शियलचं कवच) नाल्याच्या पाण्यात एकदम थंड झालं की आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते. हौसिंगवर ब्रीदर नावाची छोटी टोपी असते, ती काळ्या मातीनं बुजली की हवा सीलमधून ये-जा करते. मग उन्हाळ्यात दाब वाढून तेच सील ऑइल बाहेर टाकतं, ऑइल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतं आणि ब्रेक एका बाजूला ओढायला लागतो. म्हणजे मातीनं बुजलेल्या बोटभर टोपीपायी ब्रेक जातो. दर पावसाळ्यानंतर ती काढून डिझेलनं धुवा. ऑइल गाडीच्या पुस्तकात सांगितलं तेच. बहुतेक जुन्या गाड्यांना ८०-डब्ल्यू-९० चं, जीएल-५ दर्जाचं लागतं. गाडी सपाट जागी ठेवून छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत भरा, त्यापेक्षा जास्त नको.

पिनियनचा (शाफ्टनं फिरणारा डिफरन्शियलमधला छोटा गिअर) नट अंदाजानं आवळणं हा सगळ्यांत महागडा शॉर्टकट. बऱ्याच डिफरन्शियलमध्ये नटाच्या दाबानं चेपणारी स्लीव्ह असते. ती जास्त चेपली की बेअरिंगवर ताण येऊन ते जळतं. क्राऊन (पिनियननं फिरणारा मोठा गिअर) आणि पिनियन जोडीनंच बदलायचे, एकटा कधीच नाही, कारण ते एकमेकांवर घासून जुळवलेले असतात.

पहिला गिअर टाकून गाडी सुटताना 'टण्ण', आणि हळू चालताना चिमणीसारखी चिवचिव: हा क्रॉस. क्रॉसच्या टोकांवरच्या कपातल्या सुया (बारीक रोलर) कोरड्या पडल्या की कपाच्या भोवती विटकरी रंगाची भुकटी दिसते. शाफ्ट काढण्याआधी दोन्ही फ्लँजवर (जोडाच्या चकत्यांवर) रंगाची रेघ मारा आणि तशीच जुळवून लावा, नाहीतर क्रॉस नवा आणि थरथर वेगळी.

खड्ड्यावर येणारा आवाज बहुधा पाटे (ॲक्सलवरची स्प्रिंग), शॅकलचे (पाट्याचं टोक चेसीला जोडणाऱ्या कडीचे) बुश, शॉकअप किंवा पाटे ॲक्सलला धरणाऱ्या यू बोल्टचा. पाट्यांची करकर बंद करायला जळकं ऑइल मारण्याची सवय सोडावी. त्यावर धूळ बसून सहाणेसारखा लगदा होतो, पाटे झिजतात आणि रबरी बुश फुगून मऊ पडतात. पाटे खोलून घासा, मधल्या पट्ट्या नव्या टाका, मेनपाट्याला चीर आहे का ते ब्रश मारून पाहा. बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. हवेत आवळले तर गाडी खाली उतरताच रबर पिळतं आणि लवकर फाटतं. यू बोल्ट तिरप्या जोडीनं थोडे थोडे आवळा आणि काही दिवस भार वाहिल्यावर पुन्हा एकदा पाना लावा.

ड्रममधली खरखर फार सांगण्यासारखी नाही. ड्रम उघडा, माती आणि खडे काढा, लायनर (ब्रेकची घासणारी पट्टी) रिव्हेटच्या डोक्याला टेकायला आला असेल तर दोन्ही बाजूंचे बदला. ऑइल लागलेला लायनर पेट्रोलनं धुऊन परत बसवू नका. धूळ हवेनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. चाक उतरवलं असेल तर नट तिरप्या क्रमानं आवळा आणि ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा पाहा. हळू चालताना तालात 'टक-टक' आली तर तिथंच थांबून आधी नट तपासा.

गाडी आणताना एका कागदावर लिहून आणा: आवाज कोणत्या वेगाला, कोणत्या गिअरमध्ये, रिकामी की भरलेली असताना, वळणावर की खड्ड्यावर, आणि शेवटचं काय काम झालं होतं. मिस्त्रीला शेजारी बसवून एक चक्कर मारा, काम झाल्यावर त्याच रस्त्यावर दुसरी. त्या दोन चकरांची मजुरी आनंदानं द्या आणि काढलेला जुना पार्ट मागून घ्या. अशी चिठ्ठी घेऊन गाडी आली की आमचा निदान अर्धा तास वाचतो, आणि तो आम्ही बिलात धरत नाही.

आपले,
गाडी दुरुस्तीचं काम करणारे काही मिस्त्री,
ता. राळेगाव, जि. यवतमाळ