बाहेरचे दार पाऊस पाहून निवडा

संपादक महोदय,

दिवाळीनंतर सातारा परिसरात घरबांधणीला वेग येतो आणि गुढीपाडव्याच्या आधी दारे बसवण्याची घाई सुरू होते. पाया, स्लॅब आणि फरशीवर पैसा खर्च होऊन गेल्यावर बाहेरच्या दाराचा विचार होतो, तोही नक्षी, रंग आणि कुलूप पाहून. आपल्या एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि माण तालुक्यात जेमतेम पाचशेच्या आसपास. तरीही भरपूर पावसाच्या मेढ्याच्या गिऱ्हाइकाला आणि कोरड्या माणमधल्या दहिवडीच्या गिऱ्हाइकाला एकच दार दाखवले जाते, हे बांधकामावर देखरेख करणाऱ्या माझ्यासारख्याला फार खटकते.

आपल्याकडचा पाऊस नैऋत्येकडून येतो. त्यामुळे पश्चिमेकडे तोंड असलेल्या दारावर आषाढात झड बसते आणि चैत्र-वैशाखात तेच दार दुपारभर तापते. जुन्या वाड्यांची दारे जाड भिंतीत आत बसवलेली असत आणि वर पुढे आलेली वळचण असे, म्हणून पागोळ्या दारापासून दूर पडत. आज सहा किंवा नऊ इंची भिंतीच्या बाहेरच्या कडेला दार येते आणि छज्जा असतो तो वीतभर. अशा ठिकाणी महागडे लाकूड घेण्याआधी दोन-अडीच फुटांचा छज्जा काढावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

दार पुढून खराब होत नाही, ते खालच्या कडेने कुजते. फरशी थोडी उंच झाली की दार घासू लागते, सुतार ते उतरवून खालून रंधा मारतो आणि लगेच परत टांगतो. त्या उघड्या कडेला रंगाचा हात कोणीच लावत नाही. लाकडाचे तंतू तिथे तोंड उघडून बसलेले असतात. पावसाचे आणि रोज फरशी पुसण्याचे पाणी तिथूनच वर चढते. मग कडपट्टी सुटते, प्लायला पापुद्रे येतात, दार फुगून पुन्हा घासते आणि पुन्हा रंधा मारला जातो. टांगण्यापूर्वी वरची आणि खालची कड धरून सहाही बाजूंना प्रायमर आणि रंग लावून घ्यावा, आणि नंतर रंधा मारावाच लागला तर ती कड पुन्हा रंगवून घ्यावी. चौकटीची भिंतीकडची बाजूही डांबर लावूनच बसवावी.

सागवान घेतले म्हणजे निश्चिंती, असेही नाही. गाभ्याचे तपकिरी लाकूड टिकते. सालीलगतच्या पांढरट पट्ट्याला वाळवी लागते, आणि रंगाखाली तो पट्टा सहज लपतो. म्हणून रंग देण्यापूर्वी वखारीतच लाकूड पाहावे. फ्लश डोअर, म्हणजे दोन्ही बाजूंना प्लाय चिकटवलेले सपाट दार, घ्यायचे असेल तर ‘एमआर’ प्रतीचे बाहेर लावू नये, कारण त्याचा चिकटा फक्त दमट हवा सोसतो. बाहेरच्या दाराला उकळत्या पाण्यातही न सुटणारा ‘बीडब्ल्यूपी’ चिकटा हवा. अशा दारासाठी आयएस २२०२ हे भारतीय मानक आहे आणि आयएसआय चिन्हासोबतचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपवर तपासता येतो. लोखंडी दार घेणाऱ्यांनी पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला आहे का आणि तळाशी साचलेले पाणी निघून जायला वाट आहे का, एवढे तरी पाहावे. पीव्हीसीचे दार न्हाणीघरापुरते ठीक. उन्हात ते वाकते.

माझी विनंती जिल्ह्यातील विक्रेत्यांना आहे. ‘वॉटरप्रूफ दार’ एवढाच शेरा न मारता त्यांनी बिलावर लाकडाची जात, चिकट्याची प्रत आणि परवाना क्रमांक लिहावा. घरकुल योजनेतून मिळणाऱ्या अनुदानात घर उभे करणाऱ्या कुटुंबाला चार पावसाळ्यांत दार बदलणे परवडत नाही. आराखडा काढणाऱ्या अभियंत्यांनीही दाराची दिशा आणि छज्जाची लांबी नकाशातच नोंदवली, तर मालकाला सुताराशी बोलताना हाती काही लेखी आधार राहील.

आपला विश्वासू,
एक बांधकाम पर्यवेक्षक, सातारा