रिफंडसाठी कार्डाचा फोटो कशाला?

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोनवर म्हणालीस, "आई, पाठवू की नको, एका शब्दात सांग." मी "नको" म्हटलं आणि तू "बरं" म्हणून फोन ठेवलास. तुझं ते "बरं" मला चांगलं ओळखता येतं. पटलेलं नाही. म्हणून हे पत्र. बँकेच्या काउंटरवर इतकी वर्षं काढली, पण एका शब्दात उत्तर देणं मला तिथेही जमलं नाही.

लेहचं विमान रद्द झालं, एजंटने रिफंड मंजूर झाल्याचं कळवलं, इथवर सगळं ठीक. आता त्याच्या ऑफिसातली मुलगी म्हणते, ज्या कार्डाने पैसे भरले त्याचा पुढून-मागून फोटो व्हॉट्सअॅपवर टाका, लगेच प्रोसेसला लावते. ती लबाड आहे असं मी म्हणत नाही. तिला कुणीतरी तसंच शिकवलं असेल. पण तो फोटो तिच्या गॅलरीत जाणार, तिथून बॅकअपला, आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर दिवसभर उघड्या असणाऱ्या व्हॉट्सअॅपवर. ती नोकरी सोडून गेली तरी फोटो तिथेच. त्यात कार्डाचे 16 आकडे, मुदत संपायचा महिना-वर्ष आणि सीव्हीव्ही, सगळं एका जागी. ओटीपीशिवाय काही होत नाही, असं तू म्हणशील. आपल्याकडच्या साइटवर नाही होत. परदेशातल्या कितीतरी साइट ओटीपी विचारतच नाहीत. एवढ्या माहितीवर खरेदी होऊन जाते.

आणि मुळात रिफंडला यातलं काहीच लागत नाही. तू पैसे भरलेस तेव्हाच त्या व्यवहाराची नोंद पेमेंट गेटवेकडे, म्हणजे कार्डाचे पैसे पुढे पोचवणाऱ्या कंपनीकडे झाली. रिफंड देणारा तीच नोंद उघडतो आणि तिच्यावरून पैसे परत सोडतो. ज्या वाटेने गेले त्याच वाटेने येतात. कार्ड नंबर पुन्हा टाकायची वेळच येत नाही. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर 2022 पासून दुकानदार, पोर्टल, एजंट यांनी गिऱ्हाइकाच्या कार्डाचा नंबर स्वतःकडे साठवायचाच नाही. व्यवहार शोधायला लागतात म्हणून शेवटचे चार आकडे आणि बँकेचं नाव, एवढंच ठेवता येतं. मग व्हॉट्सअॅपवर अख्ख्या कार्डाचा फोटो घेणं कशात बसतं, हे तिला नम्रपणे विचार.

तिला द्यायचं ते एवढंच: पीएनआर, पैसे भरल्याची तारीख, रक्कम, कार्डाचे शेवटचे चार आकडे. यापलीकडे तिने काही मागितलं तर उलट तूच तिच्याकडे नंबर माग. कार्डावर रिफंड सोडला की त्याला एआरएन नावाचा 23 आकडी नंबर पडतो. "रिफंड प्रोसेसमध्ये आहे" हे वाक्य कुणीही कितीही दिवस म्हणू शकतं, पण एआरएन असेल तरच पैसे खरोखर निघालेत असं समजायचं. तो नंबर तुझ्या बँकेला दिलास की पैसे कुठे अडकलेत ते बँक शोधते. आमच्याकडे लोक येऊन "रिफंड आला नाही" म्हणून भांडायचे आणि हातात काहीच नसायचं. एआरएन घेऊन येणारा क्वचित, आणि त्याचं काम चटकन व्हायचं.

ते म्हणाले की कार्डावर जमत नाही, खात्यात टाकतो, तर खाते नंबर, आयएफएससी आणि खात्यावरचं नाव द्यायला हरकत नाही. तेवढ्यावर खात्यातून कुणाला पैसे काढता येत नाहीत. कॅन्सल केलेला चेक मागितला तर आडवी रेघ मारून ठळक "कॅन्सल्ड" लिही आणि सही मुळीच करू नकोस. सवयीने सही करणारे मी खूप पाहिलेत. यूपीआयने देतो म्हणाले तर आयडी दे. पैसे येताना पिन लागत नाही. पिन मागणारी खिडकी उघडली म्हणजे पैसे जाताहेत.

ओटीपीचंही तेच, मात्र त्याला एक अपवाद आहे आणि तो तुला कुणी सांगणार नाही. रेल्वेचं ई-तिकीट अधिकृत एजंटकडून काढलेलं असेल तर 2019 च्या ऑक्टोबरपासून रद्द केल्यावर प्रवाशाच्या मोबाइलवर ओटीपी येतो आणि तो एजंटला सांगितल्यावरच रिफंड हातात पडतो. एजंटने परस्पर पैसे खाऊ नयेत म्हणून ती सोय आहे. त्या मेसेजमध्ये रिफंडची रक्कम लिहिलेली असते. म्हणून तुला सांगते, मेसेजमधले सहा आकडे शोधू नकोस, मेसेज वाच. खरेदी, दुकानाचं नाव, एवढे रुपये असं काही असेल तर तो रिफंड नव्हे.

आमच्या शाखेत एक निवृत्त शिक्षक यायचे. गाडी खूप उशिरा धावली म्हणून त्यांनी प्रवास केला नाही आणि रिफंडसाठी कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधला. सगळ्यात वर आलेला नंबर चोराचा. तो इतका गोड बोलला की सरांना वाटलं, रेल्वे सुधारली! त्याने एक अॅप घ्यायला लावलं, ज्यातून सरांचा सगळा स्क्रीन त्याला दिसत होता. मग म्हणाला, रिफंडचा फॉर्म भरा, कार्ड नंबर टाका. पुढचं सांगायला नको. गेलेल्या पैशांपेक्षा मला जास्त वाईट याचं वाटलं की सर लाजेपायी दोन दिवस घरीच बसून राहिले. आमच्याकडे आले तोवर आणखी दोनदा पैसे गेले होते.

त्या दोन दिवसांची किंमत नियमात लिहिलेली आहे. रिझर्व्ह बँकेने 2017 च्या जुलैमध्ये परिपत्रक काढून तो घालून दिला. आपण स्वतः माहिती देऊन बसलो असू तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. चूक आपलीही नसेल आणि बँकेचीही नसेल, तर तीन कामाच्या दिवसांत कळवल्यास आपल्यावर काही येत नाही. म्हणजे आधी कार्ड ब्लॉक, मग 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, रडायचं ते नंतर. तोच क्रम. हेल्पलाइनचा नंबर तिकिटावरून किंवा कंपनीच्या अॅपमधून घ्यायचा, शोधून मिळालेल्या यादीतून नाही. रेल्वेचा 139 तर पाठच असू दे.

आता तुझ्या रिफंडबद्दल. तिकीट एजंटकडून काढलेलं असलं तरी पैसे परत करण्याची जबाबदारी विमान कंपनीचीच असते, असं डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा नियम सांगतो. एजंट हा त्यांचाच प्रतिनिधी. तेव्हा एजंट टोलवायला लागला तर थेट कंपनीला लिही, तिथेही दाद लागली नाही तर एअरसेवा या सरकारी तक्रार पोर्टलवर तक्रार टाक. रीतसर मागणं म्हणजे भांडण नव्हे, हे तुझ्या बाबांनाही अजून समजायचंय.

आणि बँकेच्या अॅपमध्ये जाऊन कार्डाचे परदेशी व्यवहार आजच बंद कर. तुला ते लागत नाहीत. लागतील तेव्हा चालू करता येतात.

तिघी मैत्रिणींचेही पैसे तू भरलेस, तेव्हा रिफंड तुझ्याच कार्डावर येणार. तिघींना तसं आधीच सांगून ठेव, नाहीतर त्या एजंटला वेगवेगळे फोन करतील आणि तोच फोटो त्यांच्याकडेही मागितला जाईल. एआरएन मिळाला की मला कळव. नाही मिळाला तर त्या मुलीचा नंबर पाठव, मी बोलते.

तुझी,
आई