सूचना: आपत्कालीन कपाट आणि जैविक हल्ल्याचा संशय

तातडीच्या विभागातील सर्व सदस्यांसाठी.

आपत्कालीन कपाट या आठवड्यात उघडून पाहा. एन-९५ मास्कची मुदत तर बघाच, पण इलॅस्टिक ताणूनही बघा. पडून राहिलेला मास्क तिथेच दगा देतो. दाढीवर मास्क घट्ट बसत नाही, हे पुन्हा सांगावे लागतेच.

अंगावर संशयास्पद पावडर पडलेली व्यक्ती आली तर कपडे दाराबाहेरच उतरवा. डोक्यावरून ओढू नका, कापा आणि दुहेरी पिशवीत बंद करा. मग साबण-पाणी, अंगावर ब्लीच नको. अँथ्रॅक्स या जिवाणूजन्य रोगाचे बीजाणू (जिवाणूंचे कठीण कवचातले रूप) अल्कोहोलच्या सॅनिटायझरने मरत नाहीत, म्हणून तुमचे हातही साबणानेच धुवा.

फुप्फुसाचा अँथ्रॅक्स माणसाकडून माणसाला होत नाही, फुप्फुसाचा प्लेग मात्र होतो. त्यामुळे प्लेगच्या रुग्णाला प्रतिजैविके सुरू होऊन किमान ४८ तास होईपर्यंत वेगळे ठेवा. देवीचा संशय आला तर ऋण दाबाची खोली, म्हणजे जिथली हवा बाहेरच्या भागात पसरत नाही अशी खोली. देवीचे फोड चेहऱ्यावर, हातापायांवर जास्त आणि एका भागात एकाच अवस्थेतले असतात. कांजिण्यांचे धडावर जास्त, नवेजुने मिसळलेले.

नमुना पाठवण्याआधी प्रयोगशाळेला फोन करा. न कळवता गेलेली नळी साध्या टेबलावर उघडली जाते.